चित्रातील हरीण आणि पडद्यावरील वाघ

उज्जैन नगरीत १९५८ सालापासून दरवर्षी कार्तिकातील प्रबोधिनी एकादशीला कालिदास समारोहाचा आरंभ होतो. महाकवीची नाटके रंगभूमीवर येतात, पंडितांचे परिसंवाद होतात आणि त्याच्याच काव्यनाटकांतील प्रसंगांवर चित्रकारांनी रंगविलेल्या चित्रांचे प्रदर्शनही मांडले जाते. जो प्रसंग कवीने शब्दांत एकदा पुरता उभा केला, तो रंगरेषांत पुन्हा उभा करण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न त्या दालनातून फिरणाऱ्या जाणत्या प्रेक्षकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. नवी आवृत्ती अधिक हुबेहूब झाली म्हणजे ती सरस ठरली काय? की सरसपणाची कसोटी काही निराळीच आहे?

हाच प्रश्न अमेरिकेतील एका धनाढ्य चित्रपटसंस्थेने आज साऱ्या जगापुढे टाकला आहे. वॉल्ट डिस्ने यांच्या नावाने चालणाऱ्या या संस्थेने विसाव्या शतकात हातांनी रेखाटलेले अनेक चित्रपट काढले. बोलीत त्यांना कार्टून म्हणतात, आणि लहानथोरांच्या पिढ्या त्यांवर वाढल्या. २०१० च्या ‘ॲलिस इन वंडरलँड’पासून या संस्थेने आपल्याच जुन्या चित्रपटांच्या नव्या आवृत्त्या काढण्याचा सपाटा लावला. ‘सिंड्रेला’ २०१५ मध्ये आली, ‘द जंगल बुक’ २०१६ मध्ये, ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ २०१७ मध्ये, ‘अलादीन’ व ‘द लायन किंग’ २०१९ मध्ये, ‘द लिटल मर्मेड’ २०२३ मध्ये आणि ‘स्नो व्हाइट’ २०२५ मध्ये. ज्या कथांत माणसेच प्रमुख आहेत, तेथे रेखाटलेल्या आकृतींच्या जागी नटनट्या उभ्या राहिल्या. ज्यांत प्राणी बोलतात, तेथे संगणकाच्या साहाय्याने असे प्राणी घडविण्यात आले की, कोणी अरण्यात कॅमेरा नेऊन ते टिपले आहेत असेच पाहणाऱ्यास वाटावे. येथे विचार करावयाचा आहे तो मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराचा.

या प्रकाराचा आपल्या प्रदेशाशी संबंध दूरचा नाही. ‘द जंगल बुक’ हे पुस्तक रडयार्ड किपलिंगने १८९४ साली प्रसिद्ध केले. किपलिंगचा जन्म १८६५ साली मुंबईत झाला. त्याचे वडील तेथील जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते, आणि पुढे मुलाच्या या पुस्तकासाठी त्यांनी चित्रेही काढून दिली. मोगलीच्या कथांतील टेकड्या मध्य प्रदेशातील सिवनीच्या. त्या भागातले पेंचचे अरण्य आज व्याघ्रप्रकल्प म्हणून राखलेले असून ते सिवनी व छिंदवाडा जिल्ह्यांतून खाली महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यात उतरते. त्याच नागपूर जिल्ह्यात रामटेक आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या मते मेघदूतातील रामगिरी तो हाच. म्हणजे यक्षाने ज्या डोंगरावरून मेघाला उज्जयिनीकडे धाडले, त्याच्या शेजारच्या रानात किपलिंगचा शेरखान हिंडत होता, असे म्हणावयास हरकत नाही. दूरदर्शनवर १९९३ साली दाखविलेल्या जपानी ‘जंगल बुक’ मालिकेत हिंदी शेरखानाला आवाज दिला तो नाना पाटेकर यांनी. आणि २०१६ च्या नव्या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीतही तोच आवाज पुन्हा घुमला.

डिस्ने संस्थेचा मूळ ‘जंगल बुक’ १९६७ सालचा. स्वतः डिस्ने यांनी ज्याच्या निर्मितीवर देखरेख केली असा हा शेवटचा रेखाटलेला चित्रपट. तो पडद्यावर येण्यापूर्वीच, डिसेंबर १९६६ मध्ये, त्यांचे निधन झाले होते. अशा चित्रपटाची कृती समजून घेणे अगत्याचे आहे. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चित्रे सरकतात. पुष्कळदा एकच रेखाटन दोन चित्रांपुरते वापरले, तरी एका सेकंदाच्या हालचालीस बारा रेखाटने लागतात. हालचालीतील मोक्याच्या अवस्था मुख्य चित्रकार काढतो. दोन अवस्थांमधील पायऱ्या त्याचे साहाय्यक भरून काढतात. मग ती रेखाटने सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यावर उतरवून मागल्या बाजूने रंग भरावयाचा, खाली पार्श्वभूमीचे स्वतंत्र रंगविलेले चित्र ठेवावयाचे आणि एकेक करून छायाचित्र घ्यावयाचे. १९६१ पासून पेन्सिलीची रेषा झेरॉक्स यंत्राने थेट पत्र्यावर उमटविण्याची सोय झाली. म्हणून ‘जंगल बुक’मधील प्राण्यांच्या कडांवर चित्रकाराच्या पेन्सिलीचा किंचित खरखरीत माग दिसतो. तो हाताचा माग आहे.

त्या चित्रपटातील शेरखान मिल्ट काल या चित्रकाराने रेखाटला. त्याला आवाज देणारे जॉर्ज सँडर्स हे रुबाबदार, काहीसे तुच्छतेने बोलणारे नट होते, आणि कालने त्या नटाचा सारा डौल वाघाच्या अंगात उतरविला. तो वाघ क्वचितच धावतो. तो सावकाश चालतो, ऐकून घेतो, भुवईच्या एका हालचालीने समोरच्याला क्षुद्र ठरवितो. खऱ्या वाघाला अशा भुवया नसतात, हे काय कालला ठाऊक नव्हते? त्याला वाघाची शरीररचना उत्तम ठाऊक होती. परंतु सत्तेची सवय झालेला प्राणी कसा वागतो, हे त्याला दाखवावयाचे होते, आणि त्यासाठी वाघातले जे हवे ते घेऊन उरलेले त्याने बेलाशक वगळले.

आता २०१६ च्या चित्रपटाकडे वळावे. जॉन फॅवरो हे त्याचे दिग्दर्शक. भारतातील अरण्याची ही कथा चित्रित झाली ती अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरातील बंदिस्त स्टुडिओत. नील सेठी हा न्यूयॉर्कचा भारतीय वंशाचा मुलगा मोगली झाला. पडद्यावर प्रमुख असे खरे माणूस तेवढेच. भोवतालचे रान, नदी, पाऊस, लांडगे, अस्वल, वाघ हे सारे संगणकावर घडविलेले. त्याची रीत अशी, की प्रथम प्राण्याचा सांगाडा रचावयाचा, त्यावर स्नायू चढवावयाचे, स्नायूंवर सरकणारी कातडी घालावयाची, कातडीवर केस रुजवावयाचे, आणि मग उजेडाचे किरण त्या केसांवरून कसे परततील, ओल्या केसांवरून कसे आणि कोरड्यांवरून कसे, याचे गणित यंत्राकडून करवून घ्यावयाचे. एकेका चित्राच्या गणनेस कित्येक तास लागतात. हे काम प्रामुख्याने एम.पी.सी. या संस्थेने केले, आणि त्यात तिच्या बंगळूरुच्या शाखेतील कलावंतांचा मोठा वाटा होता. त्या साऱ्या परिश्रमाला २०१७ साली दृश्यपरिणामांचे ऑस्कर पारितोषिक मिळाले.

या चित्रपटाला नुसती नक्कल म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. त्याने मूळ चित्रपटाचे काही सोडले, काही बदलले आणि काही नवे आणले. जुन्या चित्रपटात वानरांचा राजा ओरांगउटान होता. तो प्राणी भारतात नाही, हे ध्यानात घेऊन नव्यात त्याच्या जागी पृथ्वीवरून नाहीसा झालेला एक महाकाय वानर आला. जुन्या चित्रपटाच्या शेवटी मोगली पाणी भरणाऱ्या मुलीच्या मागोमाग गावात जातो. नव्यात तो रानातच राहतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे खऱ्या मुलाच्या उघड्या अंगाशेजारी तो प्रचंड, भाजलेल्या तोंडाचा वाघ उभा राहिला की, पाहणाऱ्याच्या पोटात भीतीचा गोळा येतो. रेखाटलेल्या शेरखानाची भीती वाटत नाही. त्याचा रुबाब वाटतो. नव्याने रुबाब गमावला आणि भय कमावले. अरण्य हे लहान मुलाला गिळू शकते, हा किपलिंगच्या कथेतील अंश जुन्या गाण्याबजावण्यात दबून गेला होता, तो येथे वर आला. हुबेहूबपणाला काहीतरी सांगावयाचे होते, म्हणून तो सार्थ झाला.

याच दिग्दर्शकाने तीन वर्षांनी ‘द लायन किंग’ काढला, तेव्हा मात्र गणित फिसकटले. मूळ चित्रपट १९९४ चा. त्यातील कथानक, बरीचशी गाणी, कित्येक दृश्यांची मांडणीदेखील नव्या आवृत्तीने जशीच्या तशी उचलली. बदलली ती फक्त दिसण्याची जात. कोठेही खरा सिंह नव्हता, खरे गवत नव्हते. दिग्दर्शक आणि छायालेखक डोळ्यांवर यंत्र चढवून संगणकातील आफ्रिकेत जणू प्रत्यक्ष वावरत, तेथेच कॅमेरा कोठे ठेवावा हे ठरवीत. फॅवरो यांनी पुढे सांगितले की, आफ्रिकेत जाऊन टिपलेले खरे दृश्य त्या सबंध चित्रपटात एकच आहे, आणि ते म्हणजे आरंभीचा सूर्योदय. बाकी सारे घडविलेले. म्हणूनच त्याला कोणत्या वर्गात घालावे, याचा पेच पडला. लोक त्याला खऱ्या नटांचा चित्रपट म्हणत होते. गोल्डन ग्लोब पारितोषिकांसाठी त्याचे नामांकन झाले ते मात्र कार्टूनपटांच्या वर्गात. जगभरात त्याने १६० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. हिंदीत शाहरुख खान यांनी मुफासाला आणि आपल्या श्रेयस तळपदे यांनी टिमॉनला आवाज दिला, आणि भारतातही तो गर्दीने पाहिला गेला.

तरीही कित्येक प्रेक्षक एक चमत्कारिक तक्रार घेऊन बाहेर पडले. सिंह अगदी खरे वाटले, पण त्यांचे दुःख खरे वाटले नाही. बाप मरून पडला आहे आणि छावा त्याला उठवू पाहतो आहे, हा प्रसंग १९९४ च्या चित्रपटात पाहताना मोठी माणसेही डोळे पुसत. रेखाटलेल्या छाव्याच्या कपाळावर आठी पडे, पापण्या जड होत, ओठाचा कोपरा थरथरे. नव्या छाव्याचा चेहरा खऱ्या छाव्याच्या चेहऱ्यापलीकडे जाऊ शकत नव्हता. आणि खऱ्या सिंहाच्या चेहऱ्यावर माणसाला वाचता येतील अशी अक्षरे निसर्गाने फार थोडी लिहिली आहेत. तो कान मागे घेतो, दात विचकतो, शेपटी आपटतो. त्याचे भाव त्याच्या भाषेत असतात. त्या भाषेच्या तोंडी माणसाचे संवाद आणि माणसाची गाणी घातली की, आवाज एकीकडे आणि मुद्रा दुसरीकडे अशी फारकत होते. मसाहिरो मोरी या जपानी यंत्रशास्त्रज्ञाने १९७० सालीच माणसासारख्या यंत्रांविषयी एक निरीक्षण नोंदविले होते: साम्य वाढत जाते तशी आपुलकी वाढते, पण साम्य अगदी पूर्णत्वाजवळ आले आणि तरी काही कमी राहिले, की आपुलकीच्या जागी एकदम अवघडलेपण येते. बोलणाऱ्या सिंहाचे दुखणे काहीसे याच जातीचे आहे. बाहुली बोलली तर मूल हसते. मेण्याचा पुतळा बोलला तर ते दचकते.

येथे कालिदास मदतीला येतो. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात अंगठी सापडून दुष्यंताची स्मृती परतली आहे आणि शकुंतला मात्र हरवली आहे. विरहाने व्याकुळ राजा स्वतः तिचे चित्र काढतो. विदूषकाला ते फार आवडते. राजाला मात्र ते अपुरे वाटते. चित्रातले जे साधले नाही ते तो सुधारीत गेला, तरी तिच्या लावण्याचा थोडासाच अंश रेषेला लाभला, अशी त्याची खंत आहे. पुढे त्याला चित्रात आणखी काय काय भरावयाचे आहे, ते तो सांगतो. मालिनी नदी, तिच्या वाळूत हंसांची जोडी, हिमालयाच्या पायथ्याशी बसलेली हरणे, वल्कले वाळत घातलेला वृक्ष, आणि त्याच्याखाली काळविटाच्या शिंगावर आपला डावा डोळा घासणारी हरिणी.

या शेवटच्या तपशिलावर क्षणभर थांबावे. हरिणीचे केस किती होते, तिच्या अंगावर ऊन कसे पडले होते, याची राजाला चिंता नाही. शिंग हे शस्त्र आहे आणि डोळा हा देहाचा सर्वांत नाजूक भाग. हरिणीने तो शिंगाच्या टोकाशी निःशंकपणे नेला आहे. ज्या विश्वासाचा दुष्यंताने स्वतः भंग केला, तो विश्वास त्या एका हालचालीत सामावलेला आहे. हजार हालचालींतून ती एक निवडणे, हे चित्रकाराचे काम. आश्रमाचे छायाचित्र घेतले असते तर त्यात हरिणे पन्नास आली असती. पण ही हरिणी कदाचित आलीच नसती.

गंमत अशी की, याच अंकात हुबेहूबपणाचीही करामत आहे. चित्रातील शकुंतलेच्या मुखाभोवती एक भुंगा काढलेला आहे. राजा त्याला खरा समजून दटावू लागतो. विदूषक म्हणतो, अहो, हे तर चित्र आहे! त्याबरोबर राजाचा भ्रम फुटतो, आणि साक्षात उभी असलेली प्रिया पुन्हा चित्र होऊन बसल्याबद्दल तो मित्रालाच दोष देतो. म्हणजे अपुऱ्या वाटणाऱ्या रेषेनेही भ्रम पुरता झाला होता. तो भ्रम भुंग्याच्या पंखांच्या बारकाव्याने झाला नाही, पाहणाऱ्याच्या अंतःकरणातील ओढीने झाला. चित्राने अर्धे दिले आणि उरलेले अर्धे राजाने भरले. प्रत्येक केस जेथे आधीच भरलेला असतो, तेथे प्रेक्षकाने भरावयास जागा किती उरते?

उज्जैननेच या प्रश्नाचे दुसरे उत्तरही दिले आहे, आणि ते कालिदासाहूनही जुन्या काळातून आणले आहे. विष्णू श्रीधर वाकणकर हे मूळचे नीमचचे. जन्म १९१९ चा. उज्जैन ही त्यांची कर्मभूमी झाली, येथे त्यांनी भारती कला भवन ही कलासंस्था चालविली आणि विक्रम विद्यापीठात पुरातत्त्वाचे काम केले. १९५७ साली रेल्वेने जात असता भोपाळच्या दक्षिणेस दूरवर दिसणाऱ्या खडकांनी त्यांचे लक्ष वेधले. पुढे पायी जाऊन पाहतात, तो खडकांच्या छायेत शेकडो चित्रे! हीच ती भीमबेटका. तिच्या शोधाने भारतीय शैलचित्रांच्या अभ्यासाला नवे वळण मिळाले. वाकणकरांना १९७५ साली पद्मश्री देण्यात आली, १९८८ मध्ये ते निवर्तले, आणि २००३ मध्ये युनेस्कोने भीमबेटकाला जागतिक वारशाचे स्थान म्हणून मान्यता दिली.

वाकणकर पुरातत्त्वज्ञ होते, तसेच चित्रकारही होते. शैलाश्रयांत बसून त्या चित्रांच्या त्यांनी हातांनी नकला घेतल्या. छायाचित्र घेण्याची सोय त्या काळीही होती. परंतु नक्कल करणाऱ्या हाताला मूळ हात कोठे थांबला, कोठे झपाट्याने फिरला, हे कळते. रेषेमागील निर्णय कळतो. गेरूसारख्या लाल आणि पांढऱ्या खनिज रंगांनी काढलेल्या त्या गव्या-हरणांना पुष्कळदा डोळे नाहीत, केस नाहीत, सावली तर नाहीच. तरी कळप धावतो आहे, शिकारी वाकला आहे, हरीण बिचकले आहे, हे पाहताक्षणी उमगते. एका खडकावर तर डुकराचे तोंड आणि शिंगे असलेला एक प्रचंड प्राणी इवल्याशा माणसाच्या मागे लागलेला आहे. असा प्राणी कोणत्याही रानात नव्हता. ते चित्र काढणाऱ्याने प्राणी रेखाटला नसून त्या माणसाची भीती रेखाटली आहे. मेघदूतातील यक्षही शिळेवर धातुरंगांनीच प्रियेचे चित्र काढतो, आणि आसवांनी दृष्टी भरून आल्यामुळे ते पुरे करू शकत नाही. खडकावरील रंगाच्या रेषेत माणूस आपला जीव ओततो, ही या भूमीची फार जुनी ओळख आहे.

आपल्या शास्त्रकारांनीही हे तत्त्व सूत्ररूपाने सांगून ठेवले आहे. कामसूत्राचा टीकाकार यशोधर चित्राची सहा अंगे मोजतो. सादृश्य, म्हणजे हुबेहूबपणा, हे त्यांतील एक अंग आहे; पण भाव हे वेगळे अंग आहे आणि लावण्याची योजना हे आणखी वेगळे. एक अंग वाढविल्याने दुसरे आपोआप वाढत नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात निरनिराळ्या प्रेक्षकांच्या आवडी सांगितल्या आहेत, त्यांत रेषेची थोरवी जाणणाऱ्यांना आचार्यांचे स्थान दिले असून रंगांच्या झगमगाटावर भुलणाऱ्यांना सामान्यजनांत बसविले आहे.

यावरून हुबेहूबपणा हा आपल्याकडे परकाच होता, असे कोणी समजू नये. राजा रविवर्म्याने तैलरंगांत शकुंतला रंगविली, सरस्वती-लक्ष्मींना मांसल देह आणि खरी सावली दिली. १८९४ मध्ये मुंबईत त्याचा छापखाना निघाला, आणि त्या छापांनी महाराष्ट्रातल्या घराघरांतील देवांचे चेहरे ठरवून टाकले. पिंगुळीच्या चित्रकथीतील टपोऱ्या डोळ्यांचे राम-रावण त्यांच्यापुढे मागे पडले. पुढे दादासाहेब फाळके यांनी रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम केले आणि त्यानंतर त्या देवांना पडद्यावर चालावयास लावले. याच फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ या छोट्या पटात नुसत्या काड्या नाचवून दाखविल्या, हेही विसरता येत नाही. हुबेहूब देव आणि नाचणाऱ्या काड्या, या दोहोंना एकाच माणसाच्या प्रतिभेत सुखाने जागा होती. रविवर्म्याने जे केले ते जुन्याची नक्कल म्हणून केले नाही. देव आपल्यासारखा देह धारण करून समोर आला तर कसा दिसेल, या लोकांच्या उत्कंठेला त्याने रूप दिले. त्याच्या हुबेहूबपणालाही सांगावयाचे काही होते. मात्र त्याची किंमत चित्रकथीला मोजावी लागली, ही गोष्टही तितकीच खरी.

रेखाटलेल्या चित्रपटाची विद्या भारतात रुजली तिचा इतिहासही बोधप्रद आहे. ‘बँबी’ या १९४२ च्या डिस्नेपटासाठी हरिणाची जिवंत पाडसे स्टुडिओत आणून चित्रकारांना त्यांच्या हाडांसांध्यांचा अभ्यास करावयास लावले होते. हालचाल त्यांनी हरिणाची ठेवली. पण डोळे मोठे केले, कपाळ पुढे आणले, आणि चेहरा तान्ह्या मुलाकडे झुकविला. आधी खरे काय ते पुरते जाणावयाचे आणि मग त्यातून निवडावयाचे, अशी ती शिस्त होती. त्या चित्रपटावर काम केलेले क्लेअर वीक्स हे १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवावयास आले, आणि त्यांच्या हाताखाली जातककथेवरील ‘द बनियन डिअर’ हा पट १९५७ साली तयार झाला. ज्या वर्षी वाकणकर भीमबेटकाच्या हरणांपुढे उभे राहिले, त्याच वर्षी मुंबईत भारतीय हात पडद्यावरील हरीण रेखाटावयास शिकत होते.

त्या वर्गातून तयार झालेले राम मोहन पुढे युगो साको या जपानी निर्मात्याबरोबर रामायणावरील रेखाटलेल्या चित्रपटाच्या दिग्दर्शनात सहभागी झाले. १९९३ च्या सुमारास भारतात आलेला तो चित्रपट त्या वेळी फारसा गाजला नाही. दूरदर्शनसंचांवर तो पाहिलेल्या मुलांनी मात्र तो मनात जपला. २०२३ च्या जूनमध्ये ओम राऊत या मराठी दिग्दर्शकाचा ‘आदिपुरुष’ आला. त्यातील वानरसेना आणि लंका संगणकाने घडविलेली होती. त्याची पहिली झलक २०२२ च्या ऑक्टोबरात दिसताच प्रेक्षकांनी या दृश्यांबद्दल नापसंती व्यक्त केली होती, आणि त्यावर अधिक काम करण्यासाठी प्रदर्शन कित्येक महिने पुढे ढकलावे लागले होते. त्यानंतर २०२५ च्या जानेवारीत तो तीस वर्षांपूर्वीचा रेखाटलेला रामायणपट देशातील चित्रपटगृहांत पुन्हा आणण्यात आला, आणि एके काळची मुले आपल्या मुलांना घेऊन तो पाहावयास गेली. त्यातल्या सपाट रंगांच्या रामाबद्दल, तो खरा दिसत नाही, अशी तक्रार कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

या साऱ्या वादात पणाला काय लागले आहे, ते स्पष्ट सांगितले पाहिजे. डिस्ने संस्थेच्या मुख्य स्टुडिओने २०११ च्या ‘विनी द पू’नंतर हातांनी रेखाटलेला पूर्ण लांबीचा चित्रपट काढलेला नाही. म्हणजे जुन्या रेखाटनांच्या पुण्याईवर नव्या आवृत्त्या निघत आहेत. नवी रेखाटने होत नाहीत. दुसरीकडे, ज्यांनी केस न् केस रुजविला त्या संगणक-कलावंतांचेही दिवस सुखाचे गेले नाहीत. एम.पी.सी.ची मातृसंस्था टेक्निकलर २०२५ च्या फेब्रुवारीत आर्थिक संकटाने कोलमडली आणि तिचे भारतातील कामही थांबले. बंगळूरुतील असंख्य तरुण हातांना एकाएकी काम उरले नाही. दोष यंत्राचा म्हणता येत नाही, आणि त्या कलावंतांचा तर नाहीच. त्यांचे कौशल्य कोणत्याही लघुचित्रकाराच्या कौशल्याला लाजविणारे आहे. दोष आहे तो रेखाटलेले चित्र म्हणजे कच्चा खर्डा आणि छायाचित्रासारखे दिसणारे चित्र म्हणजे त्याची पक्की प्रत, या समजुतीचा. ही समजूत मुलांच्या मनात एकदा रुजली की, भीमबेटकाचा गवाही त्यांना कोणा अडाण्याने अर्धवट काढलेला वाटेल, आणि स्वतः पाटीवर वाघ काढणारे मूल, तो खऱ्यासारखा येत नाही म्हणून, खडू खाली ठेवील.

कालिदासानेच एके ठिकाणी या वादाचा निकाल लावून ठेवला आहे. मालविकाग्निमित्रात राजा अग्निमित्राने मालविकेला प्रथम चित्रात पाहिलेले असते. पुढे ती नृत्यासाठी प्रत्यक्ष समोर उभी राहते, तेव्हा तिच्यापुढे चित्र फिके पडल्याचे त्याला जाणवते. चित्रकाराचे रंग हलके होते, किंवा त्याला बारकावे जमले नाहीत, असे राजा म्हणत नाही. काढणाऱ्याची समाधी ढळली असावी, असे तो म्हणतो. चित्र उणे पडते ते एकाग्रता उणी पडल्यामुळे, ही महाकवीची कसोटी आहे. ती शिळेवर गेरू ओढणाऱ्या आदिमानवाला लागू पडते, पेन्सिलीने शेरखानाची भुवई उचलणाऱ्याला लागू पडते, आणि संगणकावर सिंहाची आयाळ विंचरणाऱ्यालाही तितकीच लागू पडते. जुने चित्र पुन्हा काढावयास बसणाऱ्याने, अधिक खरे कसे दिसेल, याआधी स्वतःला एवढेच विचारावे, की या कथेत आपले चित्त नव्याने कशावर जडले आहे. ज्याच्यापाशी याचे उत्तर आहे, त्याने कोणतेही साधन हाती धरावे. त्याच्या हरिणीचा डोळा शिंगाच्या टोकाशी निर्भयपणे जाईल.